चुलतभावाला मत दिलंत, वडिलांपासून माहिती लपवलीत

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ तिशीतले, नोकरीनिमित्त सांगलीत, मूळ गाव तासगाव तालुक्यात. त्यांच्या चुलतभावाने वाटणीतले वीस गुंठे विकून सांगली-मिरज रस्त्यावर कॅफे काढायचं ठरवलं. जमिनीचा विसार घेऊन झाला होता, गाळ्याचं डिपॉझिटही भरलं होतं. गौरी-गणपतीला सगळे गावी जमले असताना आरतीनंतर त्याने विचारलं, "खरं सांग, चालंल का?" यांनी खरं सांगितलं: "नाही चालणार. सहा महिन्यांत कुलूप लावशील." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, आणखी एक वाक्य आहे. वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग निघालाय, हाडांपर्यंत गेलाय, इंजेक्शनं चालू आहेत, पण घरच्यांनी त्यांना 'इन्फेक्शन आहे' एवढंच सांगितलंय. "लोकांना खरं नकोच असतं, मग आम्ही हे बरोबरच केलं ना?"

मी आधी मिरजेच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. मिरजेला जत-आटपाडीपासून पार अथणी-विजापूरपर्यंतचा पेशंट येतो, त्यामुळे मराठीत रडणारी आणि कानडीत खोटं बोलणारी, तशीच त्याच्या उलट, बरीच घरं बघितली. आता सांगलीत कौटुंबिक समुपदेशन करते. पुढच्या उदाहरणांतले तपशील माणसं ओळखू येऊ नयेत इतपत बदललेले आहेत.

तर उत्तर. हो, लोकांना प्रामाणिकपणा हवा असतो. तुमच्या चुलतभावालाही हवा होता आणि वडिलांनाही हवा असणार. घोटाळा असा झालाय की ज्याला तुमच्याकडून फार तर एक मत मिळण्यासारखं होतं, त्याला ते तुम्ही आरतीनंतर चारचौघांत देऊन टाकलंत. आणि ज्यांच्या हक्काची माहिती तुमच्या कपाटात फाईल करून ठेवलीय, त्यांना तिचा पत्ता नाही. यात तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक घरं अशीच असतात, मतांच्या बाबतीत दिलदार आणि माहितीच्या बाबतीत कंजूष. मत दिलं की आपण हुशार दिसतो. माहिती दिली की समोर बसून त्या माणसाचं काय होतंय ते बघावं लागतं.

चुलतभावाचं आधी उरकू, कारण ते सोपं आहे.

विसार घेऊन झाल्यावर माणूस 'खरं सांग' म्हणतो तेव्हा त्याची झोप उडालेली असते. बायकोसमोर ते बोलता येत नाही, बापासमोर तर नाहीच, म्हणून तो बरोबरीच्या भावाकडे खडा टाकून बघतो. त्या वेळी तुमच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं: "धाकधूक होतीय होय? उद्या निवांत बसू, हिशेब दाखव मला." त्यात खोटं काहीच नाही. त्यात 'चालेल' असंही तुम्ही म्हणत नाही.

बरं, समजा त्याने विसार घ्यायच्या आधी, एकट्याने, तुमच्या सांगलीच्या खोलीवर येऊन विचारलं असतं. मग बोलायलाच हवं होतं. पण 'सहा महिन्यांत कुलूप' हे तरीही नाही, कारण ते खरं नाहीच, तो अंदाज आहे. खरं म्हणजे गाळ्याचं भाडं काय, दिवसाला किती कप गेले तर ते सुटतं, शेजारच्या दोन दुकानांचं काय झालं, कॉलेजं सुट्टीवर असताना त्या रस्त्यावर कोण थांबतं. यातलं तुम्हाला किती माहीत होतं? प्रामाणिकपणाच्या नावाखाली आपण जे बोलतो ते पुष्कळदा अंदाजाने बोललेलं असतं आणि आवाज मात्र निकाल सुनावल्याचा असतो. समोरचा दुखावतो तो त्या आवाजाने.

त्यातून हे भावकीत घडलं. भावकीत कुठलंच वाक्य एकटं येत नाही. त्याच्या मागून आजोबांनी केलेली वाटणी येते, विहिरीच्या पाण्याची पाळी येते, रस्त्याकडेची पट्टी कोणाला गेली आणि खडकाळ माळ कोणाच्या गळ्यात पडला हे सगळं येतं. तुम्ही शिकून नोकरीला लागलात, तो शेतात राहिला. तुम्ही म्हणालात 'कॅफे चालणार नाही', त्याने ऐकलं 'तू चालणार नाहीस'. आणि हे त्याची बायको, आई आणि दोन चुलत्या ऐकत असताना.

तुमच्याच तालुक्यातलं बघा. द्राक्षाचा सल्लागार प्लॉटमध्ये येतो, पानं उलटून बघतो आणि मालकाला सरळ सांगतो, "फवारणीला उशीर केलात. डाऊनी आलाय. एवढ्या ओळी गेल्या म्हणून समजा." मालक त्याला चहा पाजतो, फी देतो आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावतो. हेच वाक्य बांधावर उभं राहून चुलता बोलला तर दोन पिढ्या बोलणं बंद राहील. म्हणजे त्या शेतकऱ्याला खरं ऐकायची ताकद नाही असं म्हणता येत नाही; तो ते पैसे मोजून ऐकतो. फरक इतकाच की आपलं नुकसान झालं तर सल्लागाराला आनंद होणार नाही याची त्याला खात्री आहे. चुलत्याबद्दल ती नाही. खरं बोलणाऱ्याने आधी ही खात्री कमावलेली असावी लागते. घरात ती रक्ताच्या नात्याने आपोआप मिळते असं आपण धरून चालतो. माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात आणखी एक भानगड आहे, रोखठोकपणाचा अभिमान. 'पोटात एक ओठात एक आपल्याला जमत नाही', 'आपलं एक घाव दोन तुकडे'. असं सांगणाऱ्याला मी विचारते, कारखान्याच्या चेअरमनला शेवटचं रोखठोक कधी बोललात? बहुतेक हसतात. बघावं तर हा बाणा सुनेवर चालतो, धाकट्या भावावर चालतो, गड्यावर आणि पोरावर चालतो. साहेबासमोर तोच माणूस 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो.

खरा रोखठोक माणूस याच मातीत झाला, माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनी गादीवर बसलेल्या राघोबादादांनाच तुम्ही दोषी आहात आणि याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सुनावलं, आणि पुणं सोडून वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले. घराघरांतले रामशास्त्री या गोष्टीतल्या दोन बाबी सोडून देतात. एक, ते आपल्याहून बलवान माणसाला बोलले. दुसरी, त्यांना निघून जाता आलं. तुम्हाला पुढच्या गणपतीत त्याच पंगतीला बसायचंय.

इथवर वाचून वाटेल की बाई गप्प बसायला सांगतायत. तसं अजिबात नाही. माझ्या मते आपण एकूणात फार कमी सांगतो, आणि सांगायचं ते सोडून भलतंच सांगतो.

2022 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात एक गमतीशीर प्रयोग आहे. संशोधक चेहऱ्याला मुद्दाम डाग लावून, म्हणजे चॉकलेटचा, लिपस्टिकचा वगैरे, लोकांकडून प्रश्नावली भरून घेत होता. डाग दिसला होता असं नंतर मान्य करणारे 155 जण निघाले. त्यांपैकी 'अहो, तोंडाला काहीतरी लागलंय' असं सांगितलं फक्त 4 जणांनी. पुढच्या प्रयोगांत आढळलं की सांगणाऱ्याला वाटतं त्याहून ऐकणाऱ्याला ते जास्त हवं असतं. हे काही नवीन नाही. वाईट बातमी माणसं अडवून धरतात आणि चांगली असेल तर धावत जाऊन सांगतात, हे रोझेन आणि टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली दाखवून दिलंय. आपण समोरच्याला जपतोय असं म्हणतो. जपतो बहुतेक वेळा स्वतःलाच.

मग कोणतं खरं हवं असतं आणि कोणतं नको? यावर शिकागो विद्यापीठातल्या एमा लिव्हाइन यांचं काम मला सर्वांत उपयोगी वाटतं. त्यांनी लोकांना 'दुसऱ्याला' काय सांगावं एवढंच न विचारता 'तुम्हाला स्वतःला' कधी खोटं सांगितलेलं चालेल हेही विचारलं. लोकांचा कौल साधारण एकाच बाजूला पडतो. खऱ्याने दुखावणार असू आणि ते कळून आत्ता काहीही करता येणार नसेल, तर सोडून द्या. करता येण्यासारखं काही असेल तर सांगा, दुखलं तरी चालेल.

सांगलीत हौशी नाटकवाल्यांना हे अभ्यास न वाचताच कळतं. मध्यंतरात विंगेत येऊन 'शेवटच्या रांगेत आवाज पोचत नाही' हे सांगायलाच हवं, दुसऱ्या अंकात तो सुधारता येतो. 'तुला ही भूमिका शोभतच नाही' हे शंभर टक्के खरं असलं तरी त्या रात्री कोणाच्या उपयोगाचं? ते पहिल्या वाचनाला सांगायचं होतं.

आणि 2019 चा पूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत गावभागातलं, कृष्णाकाठचं प्रत्येक घर एकच गोष्ट विचारत होतं: आत्ता किती फूट? धीर देणारे पुष्कळ होते. '2005 ला आपल्या उंबऱ्याला लागलं नव्हतं, आता कसलं लागतंय' म्हणणारे वडीलधारे तर घरोघरी होते. लोकांना हवा होता आकडा, कारण आकडा कळला तर गाद्या माळ्यावर टाकता येत होत्या, म्हातारीला उचलून विश्रामबागेकडे हलवता येत होतं. त्या वेळी खरा आकडा सांगणाऱ्याचा राग आलेला मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांचा मात्र आजही निघतो.

थोडं विषयांतर करते, कारण समुपदेशनात हे वारंवार भेटतं. खोट्या कौतुकानेसुद्धा माणसं दुरावतात, आणि खऱ्या कौतुकानेसुद्धा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम स्वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली विवाहित जोडप्यांचा अभ्यास केला. स्वतःबद्दल चांगलं मत असलेल्यांना चांगलं म्हणणारा जोडीदार बरा वाटतो, हे अपेक्षितच. पण स्वतःला कमी लेखणारी माणसं, आपल्याला कमी लेखणाऱ्या जोडीदाराशी अधिक बांधलेली निघाली. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. सासूने मनापासून 'तुझ्या हाताला चव आहे' म्हटलं की 'टोमणा मारला' असं धरून बसणारी सून मला त्यामुळे कळायला लागली. तिला आयुष्यभर माहेरी जे ऐकवलं गेलं, त्याच्याशी हे वाक्य जुळत नाही. माणसाला आपलीच ओळख समोरच्याकडून वदवून घ्यायची असते, आणि ती ओळख चुकीची असली तरी. अशा माणसाला एका फटक्यात खरं सांगून काही होत नाही. हळूहळू, पुराव्यासकट सांगावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

आता वडील.

इथे मला तुमच्याशी जरा कडक बोलावं लागेल. तुम्ही विचारलं आहे, म्हणून बोलते.

'पेशंटला सांगू नका' हे वाक्य मी मिरजेत रोज ऐकलं. ओपीडीच्या बाहेर, लिफ्टपाशी, औषधाच्या दुकानासमोर. थोरला मुलगा बाजूला घेणार, हात जोडणार, "मॅडम, बाबा खचतील." त्याचं प्रेम खोटं नसायचं. पण पंधरा मिनिटांनी मी वॉर्डात गेले की बाबाच हळू आवाजात म्हणायचे, "मला समजलंय काय आहे ते. पोरांना सांगू नका मला कळलंय म्हणून, हबकतील." दोन्हीकडून नाटक चालू, आणि दोघांचंही भाडं म्हातारा माणूस भरत असतो, कारण मरायची भीती वाटतेय हे बोलायलाही त्याला कोणी उरत नाही. ज्या वॉर्डाच्या पाटीवर कर्करोग विभाग लिहिलंय, तिथे 'इन्फेक्शन' म्हणून भरती असलेला, चौथीपर्यंत शिकलेला माणूससुद्धा पाटी वाचतो.

हे फक्त आपल्याकडे असं नाही. अमेरिकेत 1961 साली डोनाल्ड ओकेन यांनी डॉक्टरांची पाहणी केली तेव्हा जवळजवळ 90 टक्के डॉक्टर कर्करोग झालाय हे रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. तीच प्रश्नावली पुन्हा वापरून केलेली पाहणी 1979 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा 97 टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसाचं काळीज घट्ट झालं नाही. उपचार सुधारले, म्हणजे कळल्यावर करण्यासारखं बरंच काही आलं, आणि माझ्या शरीराचं मला कळलं पाहिजे हे लोक ठणकावून म्हणू लागले. आपल्याकडे 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात निकाल दिला. रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती; तातडीचा प्रसंग नसताना, सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालणार नाही असं न्यायालयाने म्हटलं. घरातला कर्ता मुलगा असणं म्हणजे बापाच्या देहाचं मुखत्यारपत्र हातात असणं, ही आपली समजूत कायद्यात बसत नाही.

कायदा बाजूला ठेवू. तुमच्या वडिलांच्या आजाराचंच बोलू. हाडांपर्यंत गेलेला प्रोस्टेटचा कर्करोग पूर्ण बरा होत नाही, पण हार्मोनच्या इंजेक्शनांनी अनेकांचा तो बराच काळ, पुष्कळदा काही वर्षं, आटोक्यात राहतो. त्यासाठी इंजेक्शनं वेळच्या वेळी चालू राहावी लागतात. आता 'इन्फेक्शन' झालेला माणूस काय करेल? बरं वाटायला लागलं की म्हणेल, आता कशाला सुया टोचून घ्यायच्या, पैसे काय वर आलेत काय. आणि तो चुकीचं बोलत नाही. इन्फेक्शन असतं तर त्याचं बरोबरच असतं. इंजेक्शनांनी अंगातून एकदम गरम वाफा येतात, थकवा येतो, हे का होतंय ते त्यांना कळत नाही, आणि वयाचं लाजणं असल्याने ते तुम्हाला सांगणारही नाहीत.

याहून मोठी गोष्ट. कर्करोग मणक्यांत असेल तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. पाठीत नवीन किंवा वाढती कळ, पायांतली ताकद जाणं, बधिरपणा, लघवी अडणं यांतलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर पाय कायमचे जाऊ शकतात. ज्याला हे माहीत नाही तो बाम चोळून घेतो, गावातल्या मालिशवाल्याला बोलावतो, 'उसाला पाणी पाजून आलो म्हणून पाठ धरली' म्हणतो. तुम्ही त्यांच्यापासून दुःख लपवलंय असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात धोक्याची घंटा लपवलीय.

म्हणून मी मत आणि माहिती यांत इतका फरक करते. मत विचारल्याशिवाय देऊ नये, आणि विचारल्यावरही आधी बघावं की निर्णय व्हायचाय की झालाय. माहितीचं तसं नाही. ज्या माहितीवर दुसऱ्याचा निर्णय टेकलेला आहे, ती त्याची असते. लग्न ठरवताना मुलाला फिट्स येतात हे दडवणं, पतसंस्थेच्या कर्जाला जामीन घेताना आधीचे हप्ते थकलेत हे न सांगणं, वडिलांना आजाराचं नाव न सांगणं, हे माझ्या लेखी एकाच रांगेतले. तिथे 'त्याला हवंय का' हा प्रश्न उरतो, पण फार छोटा होऊन.

छोटा झाला तरी उरतो, हेही सांगते. मिरज पूर्व भागातल्या एका आजींनी मला आणि डॉक्टरांना समोर बसवून सांगितलं होतं, "नाव सांगू नका. काय करायचं ते थोरल्याला विचारा. मला तेवढं दुखू देऊ नका." तो त्यांचा निर्णय होता, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने घेतलेला. आम्ही शेवटपर्यंत पाळला. न कळण्याचा हक्कही माणसाचाच असतो. पण तो त्याने वापरायचा असतो, त्याच्या वतीने मुलांनी नाही.

दुसरे एक गृहस्थ खानापूर तालुक्यातले, उभं आयुष्य परराज्यात सोन्याचांदीच्या गलाईत गेलेलं. मुलांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. एके दिवशी त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, "घट किती धरायची ते सांगा. उरलेल्याचं मी बघतो." आटवलं की किती कमी होणार, हा त्यांच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. डॉक्टरांनी सांगितलं. ते खचले का? दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी पेढीच्या वह्या मागवल्या, उधारी कोणाकडे किती ते धाकट्याला लिहून दिलं, आणि मार्गशीर्षात धरलेलं नातीचं लग्न कार्तिकात आणलं. मुलं नंतर बापावरच रागावली, 'आधी का नाही विचारलंत' म्हणून. हसू आलं मला, पण दाखवलं नाही.

लोक खचतात हे खरं आहे. रडतात, जेवत नाहीत, देवाला शिव्या देतात. ते दोन-चार दिवस बघवत नाहीत. नातेवाईक जे टाळत असतात ते हे दोन-चार दिवस.

कसं सांगायचं याची एक पद्धत डॉक्टरांना शिकवली जाते. 2000 साली कर्करोगतज्ज्ञांनी मांडलेली, सहा पायऱ्यांची. तिच्यात मला आवडणारी गोष्ट ही की प्रत्यक्ष सांगण्याची पायरी थेट चौथी आहे. आधी निवांत जागा; मग 'तुम्हाला काय झालंय असं वाटतं?' हे विचारणं. मग 'किती आणि कसं ऐकायला आवडेल?' हे विचारणं. त्यानंतर सांगणं. चुलतभावाच्या बाबतीत तुम्ही पहिल्या तिन्ही पायऱ्या ओलांडून गेलात आणि वडिलांच्या बाबतीत पहिलीवरही पाय ठेवला नाहीत.

तर आता काय करायचं. चुलतभावाला फोन करून 'मी खरं तेच बोललो' हे पटवत बसू नका, त्यात तुमचं समाधान आहे, त्याचं नाही. कॅफे उघडला असेल तर जा. एकटे जा, गर्दी नसेल तेव्हा. बिल द्या, भावकीत फुकट खाणारे त्याला पुष्कळ भेटले असतील. त्या दिवशी जे बोललात ते चारचौघांत बोलायला नको होतं, एवढंच म्हणा. मत मागे घ्यायची गरज नाही. त्याने पुन्हा विचारलं की 'कसं वाटतंय?', तर त्याला विचारा, "सुधारायचं म्हणून विचारतोयस, का नुसतंच?" 'सुधारायचं' म्हणाला तर एकच गोष्ट सांगा, उद्या बदलता येईल अशी. आणि खाद्यपदार्थांची नोंदणी, भाडेकराराची मुदत असलं काही त्याच्या ध्यानात आलेलं नाही असं दिसलं, तर ते न विचारताही सांगा. ते मत नव्हे.

वडिलांसाठी आधी त्यांच्या डॉक्टरांना एकट्याने भेटा आणि सांगा की आम्ही लपवलंय, आता सांगायचंय. बहुतेक डॉक्टरांना हायसं वाटेल. घरी आईला आणि बहिणीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी त्यांच्यातलं कोणीतरी 'काही नाही हो, साधं आहे' म्हणून सगळं पुसून टाकेल. मग वडिलांना, दुपारच्या जेवणानंतर, टीव्ही बंद करून, एवढंच विचारा: "बाबा, इंजेक्शन कशासाठी चालू आहे असं वाटतंय तुम्हाला?" आणि गप्प बसा. इथे बहुतेक माणसं चुकतात, चार सेकंदांची शांतता सहन होत नाही म्हणून स्वतःच उत्तर देऊन टाकतात. त्यांना बोलू द्या. ते 'मला संशय आहेच' म्हणाले, तर पुढचं डॉक्टरांसमोर एकत्र बसून बोलायचं असं ठरवा. 'तुम्ही बघा, मला नको सांगू' म्हणाले, तर तेही माना. फक्त कोणी ठरवायचं हे त्यांच्या तोंडून घ्या, ते डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा, आणि पाठीची कळ, पायांतली ताकद, लघवी या तीन गोष्टी 'झाल्या तर लगेच हाक मारायची' म्हणून रोगाचं नाव न घेता त्यांना समजावून सांगा. पुढच्या इंजेक्शनची तारीख लांब असेल तर तोवर थांबू नका, आधीची वेळ मागून घ्या.